बंद घर उघडताना आधी झाडू नको : हंटाव्हायरसविषयी

निवडुंग

बर्फ वितळलं की इकडे पश्चिमेकडच्या राज्यांत राहणारी आपली मंडळी हिवाळाभर कुलपात असलेली केबिन, शेड, कॅम्पर उघडायला घेतात. दार उघडलं, कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या दिसल्या, की हात आपसूक झाडूकडे जातो. तो जाऊ नये म्हणून हा धागा काढते आहे. मी न्यू मेक्सिकोत राहते. इथे हा आजार जवळजवळ दर वर्षी कुणाला ना कुणाला गाठतो, तरी आपल्या लोकांच्या गप्पांत त्याचं नाव निघत नाही. अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा २०२५ च्या फेब्रुवारीत सँटा फेमधल्या घरी याच आजाराने गेल्या, तेव्हा चार दिवस चर्चा झाली आणि मग सगळे विसरले. त्यांच्या राहत्या घरात फारसं काही सापडलं नव्हतं. उंदरांच्या खुणा आणि घरटी मिळाली ती आवारातल्या गॅरेज-शेडमध्ये. म्हणजे ज्या जागा आपण वर्षातून एकदा आवरतो, नेमक्या त्याच.

हंटाव्हायरस हा एकच विषाणू नाही, ते मोठं कुटुंब आहे. अमेरिकेच्या या भागात धोका आहे तो सिन नोम्ब्रे नावाच्या विषाणूचा, आणि तो राहतो डिअर माउस या छोट्या रानउंदरात. उंदराला स्वतःला काही होत नाही. तो ठणठणीत असतो, आणि त्याच्या मुतातून, लेंड्यांतून, लाळेतून विषाणू बाहेर पडत राहतो. त्या वाळलेल्या लेंड्या आणि घरट्यातल्या चिंध्या कोरड्या झाडूने झाडल्या की धुळीबरोबर सगळं हवेत उडतं आणि आपण ते नाकातोंडातून आत घेतो. उंदीर चावला किंवा खराब झालेला हात तोंडाला लागला तरी लागण होऊ शकते, पण मुख्य वाट धुळीचीच. आजार छातीत उतरलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के लोक दगावतात. यावर खास औषध नाही, इथे लसही नाही.

म्हणून दार उघडल्यावर लगेच आत शिरायचं नाही. सगळी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास तरी घर हवेशीर होऊ द्यायचं आणि तोवर आपण बाहेर थांबायचं. मग रबरी हातमोजे घालायचे. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण ताजं बनवायचं आणि लेंड्या, मुताचे डाग, घरटी, मेलेला उंदीर असं सगळं त्याने चिंब भिजवायचं. नुसता फवारा मारून उपयोग नाही, ओलं गच्च झालं पाहिजे. पाच मिनिटं मुरू द्यायचं. मग कागदी टॉवेलने उचलून पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून कचऱ्यात. त्यानंतर फरशी त्याच द्रावणाने पुसायची. हातमोजे काढण्याआधी ते हातात असतानाच धुवायचे, आणि काढल्यावर हात साबणाने पुन्हा धुवायचे. व्हॅक्यूम क्लीनर झाडूपेक्षाही वाईट, कारण तो बारीक कण मागून परत हवेत सोडतो. आणि ब्लीचमध्ये अमोनिया, व्हिनेगर किंवा ॲसिडवालं कुठलंही क्लीनर मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

आता थोडं १९९३ बद्दल. हा इतिहास इथल्या लोकांच्या अजून जिव्हारी आहे. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोराडो आणि युटा या चार राज्यांचे कोपरे जिथे मिळतात तो फोर कॉर्नर्सचा भाग. त्या वर्षी मे महिन्यात नवाहो या इथल्या मूलनिवासी जमातीतला एक तरुण धावपटू आपल्या वाग्दत्त वधूच्या अंत्यविधीला निघाला होता. वाटेत गाडीतच त्याचा श्वास कोंडला. गॅलपच्या इस्पितळात नेलं, पण तो वाचला नाही. धडधाकट, रोज पळणारा मुलगा, आणि फुफ्फुसं पाण्याने भरलेली. ती मुलगीही काही दिवसांपूर्वी अशीच गेली होती. तपास अधिकारी रिचर्ड मॅलोन यांना हे खटकलं. डॉक्टर ब्रूस टेम्पेस्ट यांनी आसपासच्या डॉक्टरांना फोन लावले, तेव्हा असेच आणखी तरुण रुग्ण गेल्याचं कळलं. अटलांटाच्या सीडीसीकडे, म्हणजे देशाच्या रोगनियंत्रण संस्थेकडे, नमुने गेले आणि काही आठवड्यांतच उत्तर आलं : हंटाव्हायरस. त्याआधी हे विषाणू आशिया आणि युरोपातल्या मूत्रपिंडाच्या तापासाठी माहीत होते. अमेरिकेत तो असा थेट फुफ्फुसावर येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सुरुवातीच्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त गेले.

पण तो त्याच वर्षी का उफाळला? याचं उत्तर नवाहो वडीलधाऱ्यांकडे होतं. त्यांनी सांगितलं, पिन्योन या पाइनच्या झाडांना भरघोस दाणे धरले की उंदीर माजतात आणि मागोमाग आजार येतो. १९१८ ला आलं, १९३३ ला आलं. १९९२-९३ मध्ये दुष्काळ संपून पाऊस-बर्फ भरपूर पडलं होतं, दाणा अमाप झाला होता. सेव्हियेटाच्या अभयारण्यात न्यू मेक्सिको विद्यापीठाचे लोक साथीच्या आधीपासून उंदीर पकडून मोजत होते, त्यामुळे आकडे हाताशी होते. मे १९९३ मध्ये उंदीर आदल्या मे महिन्याच्या दसपट झाले होते. नवाहोंचा जुना नियम आहे की उंदीर बाहेरच्या जगाचा, त्याला घरात येऊ द्यायचं नाही, आणि तो ज्या कपड्यावरून गेला तो कपडा जाळायचा.

आणि इतकं सगळं सांगणाऱ्या या लोकांच्याच नावाने वर्तमानपत्रांनी ‘नवाहो फ्लू’ म्हणून मथळे दिले. लॉस एंजेलिसकडच्या एका शाळेने नवाहो मुलांची ठरलेली भेट रद्द केली. विषाणूला स्थानिक जागेचं नाव द्यायला लोकांनी हरकत घेतली ती यामुळेच, आणि शेवटी त्याला कुठल्याच गावाचं नाव मिळालं नाही; ‘सिन नोम्ब्रे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘बिननावाचा’. माझ्यासोबत काम करणारी एक नवाहो बाई त्या उन्हाळ्यात शाळेत होती. ‘आमच्या शेजारी कुणी बसत नसे,’ इतकंच ती सांगते. करोनाच्या काळात हे पुन्हा पाहिलं, म्हणून इथे लिहावंसं वाटलं.

चिमणचारा

ताई, फार गरजेचा धागा. आम्ही सॅक्रामेंटोजवळ राहतो. गॅरेजमध्ये उंदीर येतात, पण तो डिअर माउस आहे की साधा घरातला, हे कसं ओळखायचं? रंगावरून कळतं का?

निवडुंग

चिमणचारा, पोट बघा. डिअर माउसची पाठ तपकिरी किंवा करडी असते, पण पोट आणि पाय पांढरेशुभ्र. शेपटीही दुरंगी, वरून गडद आणि खालून पांढरी. डोळे आणि कान अंगाच्या मानाने मोठे, दिसायला अगदी गोंडस. आपल्या ओळखीचा घरउंदीर पोटाखालीही मळकट करडाच असतो, आणि तो सिन नोम्ब्रेचा वाहक नाही. पण लेंड्यांवरून फरक करता येत नाही, दोन्हीच्या तांदळाच्या दाण्याएवढ्याच असतात. त्यामुळे उंदीर दिसला नसेल तर डिअर माउसच आहे असं धरून साफसफाई करा.

सह्यकडा

नेवाडात अतिदक्षता विभागात काम करतो, म्हणून डॉक्टरच्या बाजूने थोडं लिहितो.

या आजाराची खरी अडचण ही, की पहिले चार-पाच दिवस तो साध्या फ्लूसारखा दिसतो. ताप, थंडी, अंगदुखी. दुखणं बहुतेक मोठ्या स्नायूंत असतं : मांड्या, कंबर, पाठ. पुष्कळांना मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. नाक गळणं आणि घसा धरणं मात्र सहसा नसतं. रुग्ण तपासून घरी जातो. मग खोकला आणि धाप सुरू होते, आणि तिथून काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते. बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि फुफ्फुसात पाणी भरतं. बाहेरून कुणी बुडवलेलं नाही, माणूस आतल्या आत स्वतःच्याच रक्तद्रवात बुडतो.

रक्ततपासणीत प्लेटलेट झपाट्याने घसरतात आणि रक्त घट्ट झालेलं दिसतं. इथे सलाइन सढळ हाताने देऊन चालत नाही, कारण वाहिन्या गळक्या असतात, दिलेलं पाणीही फुफ्फुसातच उतरतं. हृदयही कमजोर पडतं. मोठ्या केंद्रांत एक्मो यंत्रावर रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात प्राणवायू भरतात. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या रुग्णालयाने या आजारात एक्मो वापरण्यात आघाडी घेतली, आणि त्यामुळे अगदी टोकाला गेलेले रुग्णही परतले आहेत. जे पहिले काही दिवस निभावून नेतात ते बहुतेक पूर्ण बरे होतात, थकवा मात्र काही महिने राहतो. पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोचायला हवा. धाप लागायच्या आधी पोचला तर उत्तम.

तेव्हा माझी एकच कळकळीची विनंती. उंदरांच्या जागेत वावरल्यानंतर एक ते आठ आठवड्यांत कधीही ताप आणि मांड्या-कंबरेचं दुखणं आलं, तर डॉक्टरांना उंदरांबद्दल स्वतःहून सांगा. ‘शेड साफ केली होती, तिथे उंदीर होते,’ एवढं एक वाक्य. दीड महिन्यापूर्वीची साफसफाई रुग्णाला आठवत नाही आणि गर्दीच्या दिवशी कुणी विचारतही नाही. घरच्या माणसांनीही हे लक्षात ठेवावं, कारण पेशंट बोलण्याच्या अवस्थेत असेलच असं नाही.

पाऊलवाट

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचं प्रकरण इथे यायलाच हवं. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे राहून गेलेल्या दहा जणांना हा आजार झाला आणि तिघे गेले. दहापैकी नऊ जण करी व्हिलेजच्या ‘सिग्नेचर’ तंबू-केबिनमध्ये उतरले होते. त्या केबिन दुहेरी भिंतीच्या होत्या, थंडी लागू नये म्हणून बाहेर कॅनव्हास आणि आत पक्की भिंत. मधल्या पोकळीत डिअर माउसनी घरटी केली होती. पाहुण्यांना भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि त्यांनी तिथे कसली साफसफाईही केलेली नव्हती. ते फक्त झोपले होते. त्या ९१ केबिन बंद करून टाकल्या आणि तिथे राहून गेलेल्या हजारो लोकांना पत्रं-ईमेल पाठवली.

आमचा ट्रेकचा गट दर उन्हाळ्यात सिएरात जातो. आता आम्ही केबिन घेतली की पलंगाखाली, ड्रॉवरमध्ये, ओट्याखाली टॉर्च मारून बघतो. लेंड्या दिसल्या तर सामान उतरवत नाही, सरळ ऑफिसात जाऊन दुसरी खोली मागतो. बाहेर झोपायचं तर लाकडाच्या ढिगापासून लांब आणि उघड्या जमिनीवर नाही, तळ असलेल्या तंबूत. आणि खाण्याचं काहीही झाकणाच्या घट्ट डब्याबाहेर ठेवत नाही, लाडू-चिवड्याच्या पिशव्यासुद्धा.

मुळामुठा

सगळं वाचलं. निवडुंगताई, राग मानू नका, पण १९९३ पासून २०२२ अखेरपर्यंत संपूर्ण अमेरिकेत मिळून ८६४ रुग्ण. म्हणजे वर्षाला तीसच्या आसपास. तेहतीस कोटींच्या देशात! त्याहून कितीतरी जास्त लोक रस्त्यावर जातात. असे धागे वाचून माझ्या आईसारखी माणसं रात्रभर जागतात. ती वर्षातून एकदा लेकाकडे येते आणि इथे उंदीर दिसला की घाबरते. एवढं लिहायची गरज आहे का?

निवडुंग

मुळामुठा, राग कशाला. आजार दुर्मिळ आहे, हे तुमचं बरोबर आहे, आणि आईंना तेच आधी सांगा. शहरातल्या घरात एखादा उंदीर दिसला म्हणून सहसा कुणी हंटाव्हायरसने जात नाही.

पण हे तीस जण देशभर सारखे पसरलेले नसतात. बहुतेक सगळे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचे, आणि त्यातही डोंगराळ, कोरड्या, ग्रामीण भागातले. मी राहते तिथे, तुमचे मित्र केबिन घेतात तिथे. बरं, जाणारे बरेचसे तरणेताठे असतात. रस्त्यावरच्या अपघातात निम्मी गोष्ट दुसऱ्याच्या हातात असते. इथे मात्र अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवणं आणि ब्लीचचं पाणी, एवढंच करायचं आहे. ते न कळल्यामुळे कुणाचं पोरगं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

रानवारा

निवडुंगताई, तुमच्या धाग्यात एक गोष्ट जोडतो. कॅलिफोर्नियाच्या मॅमथ लेक्स गावात २०२५ च्या सुरुवातीला तीन जण या आजाराने गेले. छोटंसं गाव, आणि तेही हिवाळा सरायच्या आत. तिथल्या आरोग्य विभागाने जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटलं : तिघांपैकी कुणीही बंद जागा झाडणं किंवा शेड आवरणं असं काही नेहमीचं जोखमीचं काम केल्याचं आढळलं नाही. एकाच्या कामाच्या जागी काही उंदीर दिसले होते, एवढंच. वर पाऊलवाट यांनी योसेमिटीचं लिहिलंय तेही तसंच. म्हणजे झाडू टाळला की काम संपलं असं नाही. उंदीर घरात शिरणारच नाहीत हे बघणं जास्त मोलाचं.

निवडुंग

रानवारा, अगदी मान्य, आणि हे लिहिलंत ते फार बरं झालं. डिअर माउसला पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं, साधारण सहा मिलिमीटर. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतात ती जागा, ड्रायरची नळी, गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी, छताची कड, या जागा एकदा टॉर्च घेऊन बघायच्या. भोकात स्टील वूल घट्ट कोंबायची आणि वरून सीलंट भरायचं. नुसता फोम ते कुरतडतात. सापळा साधा स्प्रिंगचा, भिंतीलगत, शेंगदाण्याचं बटर लावून. चिकट पाट वापरू नका. त्यावर उंदीर जिवंत धडपडतो, घाबरून मुततो, आणि आपल्याला नको तेच होतं. सरपण आणि कुत्र्याचं खाणं घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

इंद्रायणी

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. भारतातून वाचणाऱ्यांसाठी लिहिते, कारण व्हॉट्सॲपवर ‘करोनानंतर आता हंटा’ असे निरोप अधूनमधून फिरतात.

डिअर माउस हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. तो आपल्याकडे नाही, त्यामुळे सिन नोम्ब्रेही नाही. पण या कुटुंबाशी भारताचा संबंध जुना आहे. १९६४ मध्ये वेल्लोरला एका चिचुंद्रीत थोट्टपलयम विषाणू सापडला. तेव्हा तो कुठल्या कुटुंबातला हे कळलं नव्हतं. पुढे कोरियात हो वांग ली यांनी १९७८ मध्ये हंटान नदीच्या भागातल्या शेतउंदरातून विषाणू वेगळा केला. कोरियन युद्धात तीन हजारांवर सैनिकांना ज्या तापाने गाठलं होतं त्याचं कारण तेव्हा उलगडलं, आणि कुटुंबाला नाव मिळालं ते या नदीवरून. मग वेल्लोरचा तो जुना विषाणू याच कुटुंबातला निघाला. म्हणजे हाती लागलेला पहिला हंटाव्हायरस आपल्याकडचा होता. चिचुंद्रीमुळे माणसं आजारी पडतात असं मात्र दिसलेलं नाही. वेल्लोरच्या अभ्यासांत काही लोकांच्या रक्तात हंटाविरोधी प्रतिपिंडं मिळाली आहेत, त्यामुळे आपल्याकडे याचा शोध जास्त व्हायला हवा असं माझं मत आहे. बंदरांत आणि गटारांत राहणाऱ्या मोठ्या तपकिरी उंदरात सोल नावाचा विषाणू जगभर सापडतो. तो मूत्रपिंडांना त्रास देतो, पण त्यातले बहुतेक रुग्ण बरे होतात.

मुंबई-कोकणातल्या माणसाने उंदराच्या मुताची धास्ती घ्यायची ती लेप्टोसाठी. तो जिवाणू आहे, विषाणू नाही. तो धुळीतून नाही तर साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून आत शिरतो. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. त्याला डॉक्सिसायक्लीनसारखं औषध आहे आणि ते वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. दोन्हींत उंदीर आहे म्हणून सरमिसळ नको. गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर ताप आला तर महापालिकेच्या दवाखान्यात जा, हंटाचा विचार करत बसू नका.

गोदाकाठ

इंद्रायणीताई, छान समजावलंत. आमचा गावचा वाडा वर्षभर बंद असतो, दिवाळीला उघडतो. आजी ओसरी झाडायच्या आधी ओंजळीने पाणी शिंपडायची, धूळ उडू नये म्हणून. आता सून व्हॅक्यूम घेऊन येते. आमच्याकडे हंटा नसला तरी ओलं करूनच काढावं ना?

इंद्रायणी

हो, ओलं करूनच. उंदराच्या विष्ठेतून साल्मोनेला वगैरेही येतात, आणि बंद वाड्यातल्या धुळीने दमा उसळतो तो वेगळाच. फक्त पाण्याऐवजी ब्लीचचं पाणी घ्या. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मात्र ते पडू देऊ नका, डाग पडतात.

ओवी

माणसाकडून माणसाला होतो का? माझी मुलगी पुढच्या वर्षी अर्जेंटिनाला पॅटागोनियात जाणार आहे, म्हणून विचारते.

सह्यकडा

सिन नोम्ब्रे होत नाही. इथल्या रुग्णाला भेटायला जायला घाबरायचं कारण नाही. पण दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू याला अपवाद आहे. अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतातल्या एपुयेन गावात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एका वाढदिवसाच्या कार्यक्रमातून साखळी सुरू झाली. ३४ जणांना लागण, ११ मृत्यू. आजारी माणसाला आणि त्याच्या सहवासात आलेल्यांना घरी थांबवल्यावर साखळी तुटली. तिथला वाहक लांब शेपटीचा एक रानउंदीर आहे. तुमच्या मुलीने जावं, जरूर जावं. बंद पडलेल्या झोपड्यांत मुक्काम करू नये, तंबू तळाचा असावा, आणि परत आल्यावर दीड-दोन महिन्यांत ताप आलाच तर डॉक्टरांना प्रवासाचं सांगावं. अँडीजचा संशय असेल तर रुग्णालयात वेगळी खोली लागते, त्यामुळे हे पहिल्याच फोनवर सांगितलेलं बरं.

चिमणचारा

शेवटचा प्रश्न. गॅरेजमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुनी पुस्तकं, गणपतीच्या मखराचं सामान आणि रजया आहेत. खोकी कुरतडलेली आहेत. ब्लीच मारलं तर सगळं वाया जाईल. टाकून द्यायचं का?

निवडुंग

टाकू नका. गॅरेजचं दार अर्धा तास उघडं ठेवा, मग हातमोजे घालून खोक्यांवर बाहेरून द्रावण मारून ती उन्हात न्या. आतलं सामान बाहेरच, मोकळ्या हवेत काढा. रजया आणि कापडी सामान न झटकता गरम पाण्यात साबण घालून धुवा आणि कडक वाळवा. पुस्तकं आणि मखराचं थर्माकोल-कागद ज्यांना ओलं चालत नाही, ते कडक उन्हात काही तास पसरून ठेवा, किंवा उंदीर येणार नाहीत अशा जागी आठवडाभर तसंच राहू द्या, तेवढ्यात विषाणू टिकत नाही. मग ब्लीचने जरासं ओलं केलेल्या फडक्याने पुसून घ्या. पुठ्ठ्याची खोकी मात्र जाऊ द्या. घट्ट झाकणाचे जाड प्लॅस्टिकचे डबे आणा आणि ते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. लेंड्या खूप असतील तर साधा कापडी मास्क पुरत नाही, एन-९५ नीट चेहऱ्याला बसवून घाला. आणि मुलं गॅरेजपासून लांब असतानाच हे काम काढा.